आवाज जुळवणारा माणूस



माझी शाळा सातवीला संपली. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि कारखान्याच्या फाटकावर झाले. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा न ठेवता एका सहा मिनिटांच्या युद्धपटाची हकिगत ऐका.

3 मे 1913 रोजी मुंबईच्या कोरोनेशनमध्ये दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. तो मुका होता. त्याच वर्षी अमेरिकेत एडिसनने कायनेटोफोन नावाच्या यंत्रावर चित्राला आवाज जोडून दाखवला. त्यासाठी काढलेल्या चित्रांत एक अमेरिकेच्या यादवी युद्धावरचे होते. बोलणाऱ्या त्या चित्राचे नाव होते 'द डेफ म्यूट', म्हणजे मुकाबहिरा!

आवाजाचे नळकांडे पडद्यापाशी फिरे आणि चित्राचे यंत्र प्रेक्षकांच्या पाठीमागे. दोहोंना जोडणारी लांब दोरी कप्प्यांवरून थिएटरभर ओढलेली. ऑपरेटरने कान आवाजाकडे, डोळा पडद्याकडे ठेवून दोन्ही जुळवायचे. जरा फरक पडला की ओठ आधी हलत, शब्द मागून येत. लोक हुर्यो करीत. आणि ठपका? ऑपरेटरवर!

हा माणूस मला ओळखीचा वाटला. तरुणपणी मी एका सूतगिरणीत होतो. मशीन जुने, धागा तुटे; कापला जाई तो आमचा पगार. दोरी साहेबाची, दोष मजुराचा, हा हिशेब तेव्हापासून मला पाठ आहे.

डिसेंबर 1914 मध्ये एडिसनच्या कारखान्याला मोठी आग लागली आणि कायनेटोफोन मागे पडला. आपल्याकडे 1923 साली कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी 'सिंहगड' काढला, तोही मुकाच. त्या काळी पडद्यावरच्या मुक्या लढाईत जीव भरायचे ते थिएटरातले पेटी-तबलेवाले. मग 14 मार्च 1931 रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' आला. चित्र आणि आवाज एकाच फितीवर घेतलेले. दोरीचे काम उरले नाही. 1933 मध्ये प्रभातने 'सिंहगड' बोलका केला. लोक हरखले, ते योग्यच होते. पण पडद्यापुढचा पेटीवाला उठून गेला, त्याची चौकशी कोणी केली?

मी यंत्राचा वैरी नाही. बोलपट मलाही आवडतो. माझे मागणे एवढेच, की नवे यंत्र दारात येईल तेव्हा त्याची किंमत विचारण्याआधी जुन्या यंत्रावरच्या माणसाचे काय ठरले, ते विचारा. तो प्रश्न आपण विचारला नाही, तर मुकेबहिरे ठरू ते आपणच.