सव्वादोन मीटरचा मासा, आणि सातवा मी

आजचा भाग रेकॉर्ड करताना माझा उजवा हात अजून दुखतोय, त्यामुळे मध्येच कण्हलो तर समजून घ्या.

गेल्या शनिवारी मी एक मासा धरला. सव्वादोन मीटरचा. माझ्याहून लांब. आणि धरून सोडून दिला. घरी बाबांना फोन केला. बाबा मालवणचे, आयुष्यभर बाजारातून मासळी पारखून आणलेली. ते एकच वाक्य बोलले, "सोडलंस? मगे धरलंस कित्याक?"

या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. म्हणून हा भाग.

मासा होता व्हाइट स्टर्जन. जागा, कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियातली फ्रेझर नदी, मिशन गावाच्या थोडं वर. व्हँकुव्हर, सरे भागात आपली बरीच मराठी मंडळी राहतात, त्यांना हा पट्टा माहीत असेल. उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्यातला हा सगळ्यात मोठा मासा. सहा मीटरपर्यंत वाढल्याच्या नोंदी आहेत, आणि शंभरी ओलांडणारे मासेही असतात. याचे पूर्वज डायनासोरच्या काळात पोहत होते. अंगावर खवले नाहीत, त्याऐवजी हाडाच्या ढालींच्या पाच रांगा. आतला सांगाडा बहुतेक कूर्चेचा. तोंडात दात नाहीत. थोबाडाखाली चार मिशा, त्यांनी तळ चाचपत चालायचं आणि खाणं सापडलं की तोंड नळीसारखं बाहेर काढून ओढून घ्यायचं.

आमिष काय होतं? सामन माशाची गाबोळी. एवढा मोठा मासा म्हणजे जोरात हिसका बसेल असं मला वाटलेलं. तसं काही नाही. रॉडचं टोक नुसतं दोनदा थरथरलं. गाइड म्हणाला, आता ओढ. ओढलं, आणि पुढच्या मिनिटाला तीस-चाळीस मीटरवर तो अख्खा पाण्याबाहेर उडाला. मातकट पाणी, त्यातून वर आलेलं ते करडं धूड, आणि खाली पडतानाचा आवाज. मी चक्क घाबरलो.

पुढे पन्नास मिनिटं. रीळ गुंडाळायचं, तो पुन्हा सगळी दोरी घेऊन जायचा. शेवटी बोट काठाला नेली आणि आम्ही कमरेएवढ्या पाण्यात उतरलो. मोठा स्टर्जन पाण्याबाहेर काढायचा नाही. त्याचं वजन पाणी तोलून धरतं, बाहेर उचललं तर आतल्या अवयवांना इजा होऊ शकते. गळाला उलटा काटा नसतो, तसा नियमच आहे, त्यामुळे तो पटकन निघाला.

मग गाइडने त्याच्या डोक्यामागे एक स्कॅनर फिरवला. बीप. कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप होती. नंबर लिहिला, लांबी आणि घेर मोजला. नर की मादी, ते बाहेरून कळत नाही. वय चाळिशीच्या पुढे असावं, असा गाइडचा अंदाज. म्हणजे माझ्यापेक्षा मोठाच. मी त्याची शेपटी धरून उभा होतो, कल्ले हलताना दिसत होते. मग त्याने एक झटका दिला आणि गेला.

दोन दिवसांनी गाइडचा मेसेज आला. हा मासा याआधी सहा वेळा पकडला गेला होता.

सहा वेळा. मी सातवा.

खरं सांगतो, तो मेसेज वाचेपर्यंत मी फार खुशीत होतो. इन्स्टाला काय टाकायचं ते ठरलं होतं. मग जरा वाचायला बसलो.

एकोणिसाव्या शतकात सामनची जाळी लावणाऱ्यांना स्टर्जन म्हणजे जाळी फाडणारी कटकट वाटायची. मग त्याच्या मांसाला आणि अंड्यांना भाव आला. कॅव्हियार म्हणजे शेवटी स्टर्जनची खारवलेली गाबोळीच की. 1897 मध्ये फ्रेझरमधून 500 टनांहून जास्त स्टर्जन काढला गेला. पुढच्या दहा वर्षांच्या आत तो धंदा बसला, कारण काढायला मासाच उरला नाही.

इथे एक हिशोब लक्षात घ्या. बांगडा एक-दोन वर्षांत अंडी घालायला तयार होतो. या माशाच्या मादीला त्यासाठी वीसेक वर्षं लागतात, कधी त्याहून जास्त. आणि नंतरही दरवर्षी नाही, मध्ये काही वर्षं जाऊ देऊन. 1897 ला कापलेल्या मोठ्या मादीची जागा भरायला दोन पिढ्या माणसं म्हातारी व्हावी लागतात. म्हणून शंभर वर्षांनंतरही नदी पूर्ण सावरलेली नव्हती. त्यातच 1993-94 च्या सुमारास फ्रेझरमध्ये मोठमोठे स्टर्जन मेलेले सापडू लागले. 1994 मध्ये पकडलेला स्टर्जन घरी न्यायला पूर्ण बंदी आली. नदीकाठच्या मूळ रहिवासी समाजांनीही आपणहून हा मासा मारणं थांबवलं. त्यांच्यासाठी ही किती मोठी गोष्ट असेल बघा. त्यांच्यातल्या कॅटझी लोकांच्या कथेत तर हा मासा त्यांच्या पूर्वजाची मुलगी आहे.

आता चिपकडे येतो. 1997 मध्ये फ्रेझर रिव्हर स्टर्जन कन्झर्व्हेशन सोसायटी सुरू झाली. व्हीलचेअरवरून जगप्रवास केलेले रिक हॅन्सन तिच्या संस्थापकांपैकी एक. गढूळ नदीच्या तळाशी राहणारा मासा मोजायचा कसा? तर ज्यांना तो रोज सापडतो त्यांनाच मोजायला लावायचं. गाइड, हौशी गळवाले, सगळे स्वयंसेवक. चिप लावा, मोजा, सोडा. तोच मासा पुन्हा सापडला की त्यावरून एकूण संख्येचा अंदाज बांधता येतो. एक तिढा कळला तो याच नोंदींतून: मोठे मासे आहेत, पण लहान पिल्लं कमी होत चालली आहेत. पर्यटकांच्या फोटोत हे कधीच दिसलं नसतं, कारण फोटो मोठ्या माशाचाच काढतात.

पिल्लं थांबली की काय होतं, ते वरच्या बाजूला नेचाको या उपनदीवर दिसतं. तिथे 1950 च्या दशकात केनी धरण झालं, पाण्याची चाल बदलली. 1960 च्या दशकाच्या शेवटापासून तिथे नैसर्गिकरीत्या जगणारी पिल्लं जवळजवळ नाहीतच. म्हातारे मासे आहेत, दरवेळी अंडी घालतात, पुढे काही होत नाही. 2014 पासून व्हँडरहूफ गावात हॅचरीत पिल्लं वाढवून नदीत सोडतात.

म्हणजे धरून सोडणं चांगलं? मी इतका सरळ हो म्हणणार नाही. माझ्या पन्नास मिनिटांत तो मासा दमला, त्याच्या रक्तात ताण साठला. सोडलेले बहुतेक जगतात हे खरं. पण झुंज जितकी लांबते आणि पाणी जितकं गरम असतं, तितकं त्याला सावरणं जड जातं. "मासा एन्जॉय करतो" असं एक जण बोटीवर म्हणाला. कसला एन्जॉय! गळ लागलाय त्याला.

उलट बाजूही आहे. हे गाइड उद्या नदीवरून गेले, तर बीप करणारा स्कॅनर घेऊन तिथे रोज कोण उभं राहणार? 2022 मध्ये आययूसीएनने स्टर्जनवर्गाचा आढावा घेतला, तेव्हा उरलेल्या 26 च्या 26 जाती धोक्यात निघाल्या, आणि चीनचा पॅडलफिश नामशेष झाल्याचं जाहीर झालं. त्या मानाने खालच्या फ्रेझरमध्ये अजून हजारोंनी स्टर्जन आहेत. त्यांच्यावर लक्ष ठेवणारी माणसं आहेत, त्यात गळवालेही आहेत, हे मला नाकारता येत नाही.

माझ्यापुरतं मी ठरवलंय. भर उन्हाळ्यात जायचं नाही. अंडी घालण्याच्या काही जागा मे ते जुलैमध्ये बंद असतात, आपल्याकडची पावसाळी मासेमारी बंदी असते ना, तसंच, तिकडे फिरकायचं नाही. आणि पुढच्या वेळी रॉड दुसऱ्याच्या हातात, वही माझ्या हातात. तुम्ही तिकडे असाल आणि जाणार असाल, तर बुकिंगआधी गाइडला विचारा: तुझ्याकडे स्कॅनर आहे का, आणि फोटोसाठी मासा बाहेर काढतोस का? दुसऱ्याचं उत्तर "हो" आलं, तर दुसरा गाइड बघा.

फोटो मी टाकलाय. मासा पाण्यातच आहे, त्यामुळे पाठ आणि शेपटीचं टोक एवढंच दिसतं, बाकी थंडीने काकडलेला मी. बाबांनाही पाठवला. त्यांना चिपचं, सहा वेळांचं, 1897 चं सगळं सांगितलं. बराच वेळ दोन निळ्या टिका, उत्तर नाही. मग आलं:

"शेपटी मोरीसारी दिसता. गाबोळी होती काय?"

चला, भेटू पुढच्या भागात.