आवाज आला म्हणजे जागा सापडली असं नाही

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या मंडपात कीर्तनं होतात, नाट्यगीतं होतात, विद्वानांची व्याख्यानं होतात. यंदा मंडळाने आम्हा पाणीपुरवठ्याच्या कामावरच्या डिप्लोमावाल्यांना बोलायला सांगितलं. विषय आहे, जमिनीत गाडलेली वस्तू मेटल डिटेक्टरने नेमकी कशी शोधायची. तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठं? यंत्र फिरवायचं, आवाज आला की खणायचं. हाच गैरसमज आज काढायचा आहे.

रस्त्यावर डांबराचे थरावर थर चढतात आणि व्हॉल्व्हच्या चेंबरचं बिडाचं झाकण खाली गाडलं जातं. पाईप फुटला की आधी तो व्हॉल्व्ह बंद करावा लागतो. झाकण सापडेपर्यंत पाणी वाया जातं. त्याहून वाईट म्हणजे, पाईपमधला दाब उतरला आणि शेजारून गटार जात असेल, तर फुटक्या जागेतून घाण पाणी आत ओढलं जाऊ शकतं. तेच पुढे आपल्या नळाला येतं. आणि घाईत भलतीकडे पहार मारली तर खाली विजेची केबल असू शकते. म्हणून हातभर चूकसुद्धा आम्हाला परवडत नाही.

आता यंत्राकडे येऊ. दांड्याच्या टोकाला जी थाळी असते, तिच्यात तारेची वेटोळी असतात. एका वेटोळ्यातून उलटसुलट वाहणारा प्रवाह सोडला की जमिनीत बदलतं चुंबकीय क्षेत्र शिरतं. खाली धातू असला तर त्यात भोवऱ्यासारखे छोटे प्रवाह उठतात. त्या प्रवाहांचं स्वतःचं क्षेत्र तयार होतं, दुसरं वेटोळं ते टिपतं आणि आपल्याला आवाज ऐकू येतो. प्लास्टिकचा पाईप या यंत्राला कळत नाही. त्यावर बसवलेला बिडाचा व्हॉल्व्ह मात्र कळतो.

आपल्या माळव्याची काळी माती बेसाल्ट खडकापासून झालेली आहे. तिच्यात लोहखनिज असतं, त्यामुळे नुसती मातीसुद्धा यंत्राला फसवते. म्हणून आधी मोकळ्या जागी थाळी खाली-वर करून मातीचा आवाज शून्यावर आणायचा. अंगठ्या, किल्ल्या, मोबाईल बाजूला ठेवायचे.

मग थाळी जमिनीला समांतर, दोन-तीन बोटं वर धरून फिरवायची. टोकाला पोचल्यावर हात उचलायचा नाही. आवाज आला की तो कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते बघून मधोमध खडूने रेघ मारायची. नंतर काटकोनात वळून तेच पुन्हा करायचं. दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे वस्तूचा मध्य. एकाच दिशेने बघून केलेल्या खुणेवर आम्ही कुदळ मारू देत नाही.

बऱ्याच यंत्रांवर पिनपॉइंटचं बटण असतं. एरवी थाळी हलती ठेवावी लागते. हे बटण दाबलं की थाळी स्थिर असतानाही आवाज येतो. बटण वस्तूवर नव्हे, शेजारच्या कोऱ्या जमिनीवर दाबायचं आणि मग थाळी सरकवत आणायची. जिथे आवाज सगळ्यात मोठा, तिथे नेम.

आवाजाचा आकारही बोलतो. एका दिशेने अरुंद आणि दुसऱ्या दिशेने लांबच लांब, तर तो पाईप किंवा सळई. दोन्हीकडून सारखा, तर बहुधा झाकण. थाळी फूटभर उचलूनही आवाज टिकला तर वस्तू मोठी. लगेच गेला तर एखादा खिळा. खोलीच्या आकड्यावर मात्र विसंबू नका. तो साधारण नाण्याएवढ्या वस्तूसाठी बसवलेला असतो. मोठी वस्तू असली की यंत्र ती आहे त्याहून वर दाखवतं.

चांगलं यंत्र हाती असूनही काय होऊ शकतं, त्याचा दाखला इतिहासात आहे. 2 जुलै 1881 रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. क्ष-किरणांचा शोध तेव्हा लागला नव्हता. टेलिफोनचे जनक ग्रॅहम बेल धातू शोधणारं यंत्र घेऊन आले. दोनदा तपासणी झाली, पण गोळी सापडली नाही. एक तर पलंगाच्या गादीत पोलादी तारा होत्या. दुसरं म्हणजे गोळी उजवीकडेच आहे असं मुख्य डॉक्टरांनी ठरवून टाकलं होतं, त्यामुळे शोधही त्याच बाजूला झाला. डॉक्टरांनी न धुतलेली बोटं जखमेत घालूनही शोधलं होतं आणि जखम चिघळली. 19 सप्टेंबरला अध्यक्ष वारले. शवविच्छेदनात गोळी डावीकडे निघाली. आधी मत ठरवून मग शोधायला निघालं की असं होतं.

हे आज इथे सांगण्याचं कारण आहे. आपल्यापैकी कितीतरी घराणी होळकरांच्या काळापासून इंदुरात आहेत. जुने वाडे पाडले जात आहेत, आणि वाडा म्हटला की पुरलेल्या धनाची गोष्ट आलीच. मग कुणीतरी यंत्र घेऊन येतो, ओसरीत आवाज काढून दाखवतो, आगाऊ पैसे मागतो आणि भिंतीच्या पायाशी खड्डा पडतो. बंधूंनो, जुन्या वाड्यात आवाज येणारच! खिळे, बिजागऱ्या, कड्या, नाल, फुटकी भांडी, सगळं तिथेच पडलेलं असतं. सोन्याची अंगठी आणि गोळ्यांच्या पाकिटाचा चमकता कागद यांचा आवाज पुष्कळदा सारखाच वाटतो. हातातलं साधं यंत्र नाण्याएवढी वस्तू वीतभर, फार तर फूटभर खोल ओळखतं. दहा हात खालचं सोनं दाखवतो म्हणणारा माणूस तुम्हाला फसवतो आहे. वाड्याचा पाया मात्र खरोखर खचतो, आणि त्या भिंतीला टेकून आपलीच माणसं झोपलेली असतात.

आणि खरंच काही सापडलं तर? 1878 चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन जमिनीत सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. कळवलं आणि त्या धनाला कुणी धनी नाही असं ठरलं, तर दुसरा काही करार नसल्यास तीन चतुर्थांश शोधणाऱ्याला आणि एक चतुर्थांश जागेच्या मालकाला मिळतं. शंभर वर्षांच्या आत आपल्याच पूर्वजांनी पुरल्याचं सिद्ध केलं तर वारसांचा हक्क राहतो. म्हणजे यंत्रापेक्षा घरातले जुने कागद जास्त कामाचे. ते रद्दीत घालू नका.

शेवटी एकच विनंती. नव्या डांबराखाली आपल्या गल्लीतलं झाकण गाडलं जाताना दिसलं तर त्याच दिवशी कळवा, आणि दोन पक्क्या भिंतींपासून त्याचं अंतर मोजून वहीत लिहून ठेवा. ही दोन मापं जवळ असली की रात्री-अपरात्री आमचं अर्धं काम झालेलं असतं.

गणपती बाप्पा मोरया!