डोंगरवाटेची सायकल
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



 मी सातवी शिकलेली बाई. मोठ्या विषयांवर बोलणे मला जमावयाचे नाही. पण थोड्या पैशांत डोंगरात चालणारी सायकल कशी जुळवावी, हे माझ्या हातचे काम आहे. तेच सांगते.

२०२३ च्या जूनमध्ये माझी धाकटी मुलगी दहावी झाली. अकरावीसाठी खिंडीपलीकडे जावयाचे. वाट ८ किलोमीटरांची, त्यात ३ किलोमीटर कच्चा चढउतार. गाडीची वेळ कॉलेजशी जुळेना, रोज जीपचे भाडे परवडेना. घरात 'वर्षभर थांबू दे' अशी भाषा सुरू झाली. वर्षभर थांबलेली मुलगी बहुधा कायमचीच थांबते, हे आपण सगळ्याजणी जाणतो. त्याच महिन्यात माझी भिशी लागली, ६,५०० रुपयांची. दुकानातली चांगली गिअरची सायकल तेवढ्यात येत नव्हती. म्हणून सुटे भाग जमवून मिस्त्रीकाकांकडून जुळवून घेण्याचे ठरविले.

जुन्यातून नवे करण्यात कमीपणा नाही. डोंगरी सायकलीचा जन्मच तसा झाला, असे मुलीने मला वाचून दाखविले. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील टॅमलपाइस डोंगरावर १९७० नंतर काही तरुण, तीस-चाळीस वर्षांच्या जुन्या जाड टायरच्या सायकली दुरुस्त करून उतारावर सोडीत. मागच्या चाकाचा ब्रेक इतका तापे की आतले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. म्हणून त्यांच्या १९७६ पासूनच्या शर्यतीला 'रीपॅक' नाव पडले. पुढे १९७७ मध्ये जो ब्रीझ याने खास डोंगरासाठी सायकल बांधली.

आता आपल्या कामाचे. घरखर्चात आधी धान्य, मग दागिना, इथेही तेच. आधी सांगाडा, चाके आणि ब्रेक. रंग आणि शोभा शेवटी.

सांगाडा, म्हणजे फ्रेम, लोखंडी आणि जुनी चालेल; पण वाकलेली, तडकलेली नको. सांधे पुसून निरखावेत. मग शिवणाचा दोरा घ्यावा. मागच्या चाकाच्या एका खाचेपासून तो पुढे हँडलखालच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत ताणावा. सीटची नळी दोन्ही दोऱ्यांपासून सारख्या अंतरावर असली की फ्रेम सरळ. मापही पाहावे. सायकल दोन पायांत घेऊन उभे राहिल्यावर वरची नळी अंगापासून चार बोटे खाली हवी. स्वस्तातली स्प्रिंगची फ्रेम मी घेतली नाही. ती जड असते आणि चढावर दमविते.

चाकांच्या रिम ॲल्युमिनियमच्या घ्याव्यात. लोखंडी चकचकीत रिम पावसात भिजली की ब्रेक नीट धरीत नाही. टायर घेताना नुसते '२६ इंची' म्हणू नये. सव्वीस इंची टायर निरनिराळ्या जातींचे असतात, एकमेकांना बसत नाहीत. डोंगरी टायरवर ५५९ हा आकडा असतो. रिमही त्याच मापाची हवी.

ब्रेक दोन्ही चाकांना नवे, तारांसकट. ब्रेकच्या खुंट्या फ्रेमवर आणि चिमट्यावर आधीच आहेत ना, हे फ्रेम घेतानाच पाहावे. 'मुलीला खिंडीतून सायकलवर कशी पाठवतेस?' असे जिने तिने विचारले. माझे उत्तर एकच, ब्रेक पाहून पाठवते. दर रविवारी ब्रेकचे रबर मी स्वतः पाहत असे.

गिअर पुढे एकच, ३४ दातांचा. मागे सात चकत्या, मोठी ३४ दातांची. तिच्यावर चेन टाकली की पॅडलच्या एका फेऱ्याला चाकाचाही एकच फेरा. साध्या सायकलीचे चाक तेवढ्यात दोनदा तरी फिरते. म्हणून चढावर पाय भरून येतात.

माझा हिशेब असा: जुनी फ्रेम, चिमटा, हँडल, सीट, पॅडलसह १,२००, रिम, आरे आणि जुने हब साफ करणे १,५००, टायर-ट्यूब १,१००, ब्रेक ६५०, चेन आणि मागच्या चकत्या ९००, गिअर बदलण्याचा सरंजाम ७००, मजुरी ४००. एकूण ६,४५०. उरलेल्या पन्नासांत घंटी आली.

त्या सायकलीवर मुलगी दोन वर्षे गेली आणि २०२५ मध्ये बारावी उत्तीर्ण झाली. आमचे हे आधी 'भंगार' म्हणत होते. पुढे चेनला तेल तेच घालू लागले.

शेवटी एक विनंती. मंडळाच्या भिशीतून पाने, आऱ्यांची किल्ली, चेन तोडण्याचे हत्यार आणि पंप घेऊन मंडळाच्या खोलीत ठेवावे. अडगळीत पडलेल्या सायकली घरोघर आहेत आणि दहावीला बसणाऱ्या मुलीही आहेत. दोहोंची गाठ घालून देणे आपल्या हाती आहे. दोरा धरावयास मी येईन.