विज्ञानशिक्षक : प्रशिक्षणार्थी की भागीदार?

(हरसूल परिसरातील विज्ञानशिक्षकांपुढील भाषण)



आषाढात हरसूलच्या डोंगरांवर पाऊस कोसळतो आणि वैशाखात तेथल्याच पाड्यांवरील बाया हंडे घेऊन झऱ्याचा तळ खरवडीत बसतात. एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी, हे गणित आठवीतल्या मुलालाही येते. मग ते पाणी जाते कोठे? बेसाल्टवर मातीचा थर किती, उतार किती, दमणगंगेच्या खोऱ्यात वाहून गेले किती? या प्रश्नांची उत्तरे पाठ्यपुस्तकात नाहीत. ती शोधण्यास लागणारी मुले, वर्ग आणि बारमाही सहवास मात्र विज्ञानशिक्षकापाशी आहे.

त्याच्या प्रशिक्षणाची रूढ रीत काय? तालुक्याला बोलवावे, व्याख्याने ऐकवावीत, हजेरी घ्यावी आणि परत धाडावे. ज्याने स्वतः कधी मोजमाप केले नाही, त्याने मुलांत शोधकवृत्ती जागवावी, ही अपेक्षाच अन्यायाची आहे.

दुसरा मार्ग महाराष्ट्राला अपरिचित नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ साली मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापन केले. व्ही. जी. कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली केंद्राचे संशोधक त्याच दशकात जळगाव जिल्ह्यातील खिरोद्याच्या परिसरात ग्रामीण शिक्षकांसमवेत काम करू लागले. पाठ्यपुस्तकाची भाषा सोपी केली की मुलांचे विज्ञानातील यश वाढते, असेही केंद्राच्या संशोधनात आढळले. घरी निराळी बोली बोलणाऱ्या कोकणा आणि वारली मुलांच्या बाबतीत या निष्कर्षाचे मोल केवढे! भाषेची ही अडचण नेमकी कोठे येते, हे प्राध्यापकाहून वर्गातल्या शिक्षकाला अधिक ठाऊक असते.

मध्य प्रदेशात होशंगाबादला १९७२ साली १६ शाळांत असाच प्रयोग सुरू झाला. टाटा संस्थेतील आणि दिल्ली विद्यापीठातील वैज्ञानिक शिक्षकांबरोबर प्रयोग करीत, शिक्षकांच्या मासिक बैठका होत आणि त्यांच्या अनुभवावरून पुस्तके पुन्हा लिहिली जात. २००२ साली राज्य शासनाने तो कार्यक्रम बंद केला. तीन दशकांचे काम एका निर्णयाने थांबू शकते. म्हणून अशी भागीदारी कोणाच्या मर्जीवर न राहता शिक्षकाचा हक्क बनली पाहिजे.

या हक्काचा अर्थ साधा आहे. नाशिक जिल्हा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या क्षेत्रात येतो. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ तर नाशकातच आहे. त्यांच्या संशोधकांनी वर्षातून एकदा पाहुणे म्हणून न येता महिन्याच्या महिन्याला यावे. शाळेत पर्जन्यमापक असावा. विहिरीची पातळी मुलांनी मोजावी आणि नोंदींचा अर्थ शिक्षक व संशोधक यांनी मिळून लावावा. या कामाचा दिवस सेवेचा दिवस धरला जावा. निबंध छापला गेला तर त्यावर शिक्षकाचे नाव असावे आणि निष्कर्ष आधी ग्रामसभेत वाचले जावेत.

शिक्षकावर आधीच अशैक्षणिक कामांचा बोजा आहे, ही तक्रार रास्तच आहे. तो बोजा उतरवणे हाही याच मागणीचा भाग होय. निवडणुकीच्या याद्यांसाठी शिक्षकाचा वेळ शासनाला सापडतो, तर गावाच्या पाण्याचा हिशेब मांडण्यासाठीही तो सापडला पाहिजे.