भात कधी टाकायचा?

लग्नाच्या जेवणाच्या तयारीवर बोला, असं मला सांगितलंय. मेनू मी सांगणार नाही. बुंदी की जिलबी, बसून पंगत की उभ्यानं बफे, ते तुमच्या घरात ठरेल, भांडून का होईना. मला एकच विचारायचंय. भात कधी टाकणार?

साखर कारखान्यांचे पट्टे पडले, ऊसतोडीचा कोयता खाली ठेवून माणसं गावी आली, की आपल्या बीड जिल्ह्यात लग्नांचा धडाका सुरू होतो. म्हणजे ऐन एप्रिल-मे, पारा चाळिशीच्या वर. पत्रिकेत मुहूर्त 12 वाजून 35 मिनिटांचा. आचारी बिचारा पत्रिका वाचतो आणि दहालाच भात झाकून मोकळा होतो. इकडे वरात मारुतीपासून हलायलाच एक वाजतो. मग फेटे, सत्कार, आलेल्या प्रत्येक पुढाऱ्याच्या शुभेच्छा. अक्षता पडतात अडीचला. शेवटच्या पंगतीला चार वाजतात आणि त्या पानांत सहा तासांपूर्वीचा भात पडतो. त्या पंगतीला बसतं कोण? वाढून दमलेली घरची पोरं आणि सकाळपासून राबलेल्या बायका.

अहो, पाऊस पडायच्या आत केलेली ही धूळपेरणी झाली! पंचांगात मृग निघाला म्हणून आपण बी टाकतो का? बोटभर ओल गेली का, ते माती उकरून बघतो. मग लग्नात तारखेवर आणि घड्याळावर एवढा भरवसा कशाला? वरात मांडवाच्या दारात येणं, ही ओल. ती दिसल्यावर आधण चढवा. तीस-चाळीस मिनिटांत भात होतो. आणि शेतात निदान दुबार पेरणी तरी करता येते, इथं तीही सोय नाही. कारण तांदळातले काही जंतू उकळूनही बीजरूपानं टिकतात. भात कोमट राहिला की ते वाढतात, विष सोडतात, आणि ते विष भात पुन्हा गरम केल्यानंही जात नाही. शिजलेलं अन्न साठ अंशांच्या वर राहिलं पाहिजे, नाहीतर पाचाच्या खाली. मांडवात पाच अंश कुठून आणणार? म्हणून गरमच.

हजार पानांना आचारी क्विंटलच्या आसपास तांदूळ लिहून देतो. तो एकदम शिजवू देऊ नका. तेवढा मोठा ढीग आत तासन् तास कोमट राहतो. वीस-वीस किलोचे घाणे लावा, पंगत बसेल तसे. ‘गॅस जास्त लागतो’ म्हणेल. लागू द्या. बुंदी आदल्या दिवशी करा, पाकातली बुंदी टिकते. पुऱ्या गार झाल्या तरी चालतात. भात नाही. परत सांगतो, भात नाही, आणि वरणही नाही.

आता मिनिटच उरलंय आणि मठ्ठा राहिलाच. बर्फ निळसर दिसला तर तो मठ्ठ्यात घालू नका. न खाण्याच्या बर्फात निळा रंग टाकायचा नियम 2018 पासून आहे. पांढरा असला तरी कुठल्या पाण्याचा, ते विचाराच. खव्याच्या मिठाईबद्दलही... नाही, ते आता होत नाही. आणि सत्कार जेवणानंतर ठेवले तर पुढारी थांबतील का, त्यावर पुन्हा कधीतरी.