आधी आजचं लिहा, मग नवं मागा

(सोसायटीच्या रौप्य महोत्सवी सभासद मेळाव्यात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे नीट करून लिहून दिले आहे.)



सेक्रेटरींनी मला सांगितलं की आपण सोसायटीचं कामकाज सॉफ्टवेअरवर नेणार आहोत. तुम्ही बँकेतले, बँकेत कॉम्प्युटर आले तेव्हा तुम्ही खुर्चीवर होतात, निवृत्तीनंतर काही वर्षं सॉफ्टवेअर सल्लागारांबरोबरही काम केलंत, तेव्हा दोन शब्द बोला. कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं हे मी सांगणार नाही. ते तरुण मंडळींना जास्त कळतं. घेण्याआधी काय करावं, एवढंच सांगतो.

बँकांच्या यांत्रिकीकरणाला खरी गती आली ती डॉ. सी. रंगराजन समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर. त्यांच्याच अध्यक्षतेखाली दुसऱ्या समितीचा अहवाल १९८९ मध्ये आला. शाखांमध्ये आधी आली ती लेजर पोस्टिंगची यंत्रं. आम्ही त्यांना नुसतं एएलपीएम म्हणायचो. नव्वदच्या सुरुवातीला ती माझ्या शाखेत आली. मी तेव्हा सेव्हिंग्ज खात्याचा अधिकारी होतो.

दोन तरुण मुलं आली. हुशार होती. त्यांनी मला विचारलं, "साहेब, खात्याची कुठली कुठली माहिती मशीनमध्ये हवी?" मी बँकेचं मॅन्युअल उघडलं आणि सांगत गेलो. नाव, पत्ता, खाते नंबर, शिल्लक, चेकबुक आहे की नाही, वारस कोण, खातं कोण चालवणार. त्यांनी लिहून घेतलं, टाइप करून आणलं, मी खाली सही केली. अर्ध्या तासात काम झालं म्हणून आम्ही वर चहा घेतला.

आमच्याकडे लेजर सांभाळणारे एक जुने क्लार्क होते. ते पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलने बारीक अक्षरात काहीबाही लिहून ठेवायचे. मॅन्युअलमध्ये त्याला जागा नव्हती. एका वयस्कर बाईंच्या पानावर त्यांनी लिहिलं होतं, "मुलगा चेक घेऊन आल्यास आधी शेजारच्या फोनवर बाईंना विचारणे." बाईंनीच एकदा काउंटरवर येऊन तसं सांगितलं होतं. लेखी अर्ज द्यायची त्यांना लाज वाटली असणार.

मशीनमध्ये शिल्लक गेली, नाव गेलं. पेन्सिल गेली नाही. क्लार्कची बदली झाली होती. मुलगा अठरा हजारांचा चेक घेऊन आला. सही जुळली, शिल्लक होती, पैसे दिले गेले. नियमाप्रमाणे काहीच चुकलं नव्हतं. आठ-दहा दिवसांनी बाई पासबुक भरायला आल्या. आकडा पाहून माझ्या टेबलापाशी आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "तुमच्या वहीत लिहून ठेवलं होतं ना, साहेब?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोष मशीनचा नव्हता, त्या मुलांचाही नव्हता. त्यांनी विचारलं ते मी सांगितलं होतं. पण काम कसं *व्हायला हवं* ते मी सांगितलं, काम कसं *होत होतं* ते सांगितलंच नाही. कारण ते मला ठाऊकच नव्हतं. ठाऊक असलेला माणूस माझ्यापासून दहा फुटांवर बसायचा आणि त्याला कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

पुढे सल्लागारांबरोबर काम करताना कळलं की या धंद्यात यासाठी दोन शब्दच आहेत. आज काम जसं चालतं ते 'ॲज-इज', आणि उद्या जसं चालवायचं ते 'टू-बी'. सगळ्यांना उद्याचं बोलायची घाई असते. आजचं लिहायला कंटाळा येतो, "आम्हाला माहीतच आहे की!" असं म्हणतात. मी ज्या ज्या कामांत होतो, तिथे घोळ झाला तो बहुधा इथूनच. जे शिकलो ते चार गोष्टींत सांगतो.

पहिली, काम करणाऱ्यालाच विचारा, आणि त्याच्याच टेबलाशी बसून विचारा. केबिनमध्ये बोलावलं की माणूस नियम सांगतो. टेबलाशी बसलं की ड्रॉवर उघडतो आणि स्वतःची वही दाखवतो.

दुसरी, एक कागद धरा आणि त्याच्या मागे शेवटपर्यंत जा. कुठून आला, कुणी पाहिला, सही कुणाची, नोंद कुठे, फाइल कुठे. प्रत्येक टप्प्यावर "मग पुढे?" एवढंच विचारायचं.

तिसरी, "असं झालं नाही तर?" हे विचारा. चेक परत आला तर? सही करणारा गावाला गेला तर? नेहमीचं काम कुणीही सांगतो. अडचणीतलं काम विचारल्याशिवाय बाहेर येत नाही.

चौथी, साध्या भाषेत लिहा आणि त्याच माणसाला वाचून दाखवा. तो "नाही हो, असं नाही" म्हणाला की समजा काम नीट चाललंय. सही त्यानंतर. मी सही आधी केली होती.

आणखी एक. माणूस काय मागतो आणि त्याला काय हवं असतं, यात फरक असतो. एका मॅनेजरनी रोज संध्याकाळी सगळ्या कर्जखात्यांचा चाळीस पानी रिपोर्ट मागितला. मी विचारलं, "यातलं तुम्ही बघता काय?" म्हणाले, "हप्ता चुकलेली खाती." म्हणजे हवी होती दहा ओळींची यादी. "कशासाठी?" हा प्रश्न नम्रपणे, पण विचारावाच लागतो.

आता आपल्या सोसायटीकडे येतो. तीन उदाहरणं देतो.

थकबाकीवरचं व्याज. २०१४ च्या आदर्श उपविधींत ते सरळव्याज आहे, कमाल दर २१ टक्के. आपले मॅनेजर हाताने तसंच काढतात. सॉफ्टवेअरला हे स्पष्ट सांगितलं नाही, तर ते मागचं व्याज बाकीत मिळवून त्यावर पुन्हा व्याज लावू शकतं. बिल छापलेलं आलं की आपण निमूट भरतो. भांडण होतं ते वर्षाअखेरीस.

दुसरं, नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस. शासनाच्या २००१ च्या आदेशाप्रमाणे ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत, आणि सभासदाची विवाहित मुलगी राहत असेल तर लावताच येत नाहीत. पण मुलीचं आडनाव वेगळं. सॉफ्टवेअरला ती भाडेकरूच दिसणार. हे नातं आज आपल्या मॅनेजरांच्या डोक्यात आहे, रजिस्टरमध्ये नाही.

तिसरं जरा नाजूक आहे. एका घराकडून मेंटेनन्स दोन हप्त्यांत येतो आणि गेली काही वर्षं त्यावर व्याज लागत नाही. खजिनदार बदलले, तरी ही रीत चालत आली. नाव, मजला मी सांगणार नाही, तुम्हीही शोधू नका. सॉफ्टवेअर पहिल्याच महिन्यात त्या घराला व्याजाचं बिल पाठवेल. सवलत चालू ठेवायची असेल तर ती सर्व सभासदांना एकाच नियमाने मिळेल असा ठराव सभेत करावा लागेल. बंद करायची असेल तर आधी घरी जाऊन, बसून सांगावं लागेल. दोन्ही चालेल. पण हा निर्णय माणसांनी घ्यायचा आहे, बिलातून कळवायचा नाही.

आणि हे आत्ताच का? तर आपलं ऑफिस पहिल्या दिवसापासून सांभाळणारे मॅनेजर येत्या मार्चअखेर निवृत्त होत आहेत. पंचवीस वर्षांच्या पेन्सिलच्या नोंदी त्यांच्याबरोबर जिना उतरून जातील. मग कितीही महागाचं सॉफ्टवेअर आणा, त्याला विचारायला कुणी उरणार नाही.

म्हणून माझी कमिटीला विनंती आहे. कोटेशनं मागवायच्या आधी तिघांनी, दोघे कमिटीतले आणि एक बाहेरचा, मॅनेजरांच्या शेजारी एक पूर्ण बिलाचा महिना बसावं. बिल, पावती, थकबाकी, फ्लॅट हस्तांतरण, वारस नोंद, दुरुस्तीची तक्रार, सगळं लिहावं. त्यांना वाचून दाखवावं. त्यातलं काय ठेवायचं, काय बदलायचं, ते सभेत ठरवावं. ठरलेला कागद सॉफ्टवेअरवाल्याच्या हातात द्यावा. आणि सुरू झाल्यावर तीन महिने जुनी वहीही चालू ठेवावी. दोन्ही आकडे जुळले की मग वही बंद.

तिघांतला बाहेरचा माणूस म्हणून मी नाव देतो. सकाळी दहा ते बारा मला वेळच वेळ आहे. पेन्सिल मी आणतो, वही कमिटीने द्यावी.