कोठीचा स्फोट आणि आपण
(मंडळाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कोठीच्या गोकुळ चाटवर आपल्यापैकी कोण गेले नसेल? सुलतान बाजारची खरेदी उरकली की मुलांना तिथे न्यायचे, हा आपल्या काचिगुडा, बडी चावडीकडच्या घरांचा जुना शिरस्ता. 25 ऑगस्ट 2007 च्या शनिवारी संध्याकाळी तिथे आणि लुंबिनी पार्कात बॉम्ब फुटले. चाळीसहून अधिक माणसे गेली. लुंबिनी पार्कात लेझर शो पाहायला बसलेली संगमनेरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची मुले त्यांत होती. सहलीला म्हणून आपल्या गावात आलेली महाराष्ट्राची लेकरे! त्या दिवसाविषयी शांतपणे बोलणे आम्हांला आजही जमत नाही.

तरीही एक अवघड गोष्ट बोलायची आहे.

त्याच वर्षी 18 मे रोजी शुक्रवारच्या नमाजानंतर मक्का मशिदीत स्फोट झाला. स्फोटात नऊ आणि नंतरच्या पोलीस गोळीबारात पाच जण दगावले. मग जुन्या शहरातली मुसलमान पोरे उचलली गेली. कोठडीत मारहाण झाल्याच्या त्यांच्या तक्रारींची चौकशी राज्य अल्पसंख्याक आयोगाने एका वकिलामार्फत करवली. त्यांच्यावरचे खटले कोर्टात टिकले नाहीत. पुढे सरकारने नुकसानभरपाई दिली, ती 2013 साली हायकोर्टाने रद्द ठरवली. दरम्यान तपास दुसऱ्याच दिशेला गेला, दुसरे आरोपी उभे राहिले आणि एप्रिल 2018 मध्ये विशेष न्यायालयाने त्या पाचही जणांना सोडून दिले. म्हणजे मशिदीत मेलेल्यांचा खुनी कोण, याचे उत्तर कोर्टातून मिळालेच नाही.

‘अतिरेक्यांना कसले आले मानवाधिकार?’ असे आपल्या बैठकांतही ऐकू येते. आम्हांला राग कळतो. पण चुकीचा माणूस आत गेला की खरा बाहेर मोकळा राहतो, हा साधा हिशेब आहे. उलट दिलसुखनगरचे बघा. फेब्रुवारी 2013 च्या स्फोटांचा निकाल डिसेंबर 2016 मध्ये लागला आणि पाच जणांची फाशी 2025 साली हायकोर्टानेही कायम केली. गोकुळ चाट-लुंबिनीच्या निकालाला मात्र 2018 उजाडले. अकरा वर्षे!

मुंबईच्या हल्ल्यानंतर 2008 साली यूएपीए कडक झाला. आरोपपत्राविना 180 दिवसांपर्यंत कोठडी, जामीन जवळजवळ अशक्य. युरोप, अमेरिका, आफ्रिका खंडांना आपापली मानवाधिकार न्यायालये आहेत, आशिया-पॅसिफिकला एकही नाही. 1993 चा आपला राष्ट्रीय मानवाधिकार आयोग शिफारस करतो, हुकूम देत नाही. तेव्हा उरतो तो आपला मॅजिस्ट्रेट आणि आपले हायकोर्ट. निजामाच्या राजवटीत विनाचौकशी तुरुंगात गेलेल्यांच्या कथा ज्या घरांत सांगितल्या जातात, त्यांना हे जास्त समजावून सांगायला नको.

अटकेचा लेखी पंचनामा, घरच्यांना कळवणे, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करणे, हे डी. के. बसू खटल्यातले आणि घटनेच्या कलम 22 मधले नियम मराठीत छापून घरोघर द्यावेत, असा आमचा प्रस्ताव आहे. शेजारच्या मोहल्ल्यांसाठी उर्दूतही छापावेत. खर्चाची चर्चा चहानंतर करू.